पदरावर पदर : खाद्यपदार्थांची वेष्टने आणि पेटंटचा कायदा

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील अन्नप्रक्रिया क्षेत्रातील लघुउद्योजकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कृष्णा व वारणा यांच्या संगमावर वसलेले हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात विस्तृत असे पेव हळदीने भरून त्याचे तोंड मातीने लिंपून टाकले, की माल दीर्घकाळ निर्धोक राही. त्यामागील शास्त्र साधे होते. बंद पोकळीतील प्राणवायू हळूहळू संपुष्टात येई, आणि प्राणवायूविना कीड जगू शकत नाही. पेव उघडल्यावर माणूस आत उतरण्यापूर्वी पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची चाल होती. कंदील विझला तर उतरावयाचे नाही, हे तेथील हमालांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. २००५ सालच्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली आणि हळदीचा साठा गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला.

पेवाने जे काम मातीच्या जाड भिंतींनी केले, तेच काम आज काही दशांश मिलिमीटरदेखील जाडी नसलेली प्लॅस्टिकची फिल्म करीत आहे. दुकानात टांगलेल्या हळदपुडीच्या पाऊचकडे पाहिले तर तो एकाच कापडाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन, पाच, क्वचित सात किंवा नऊ पदर असतात, आणि प्रत्येक पदराला नेमून दिलेले काम असते. असे पदर एकत्र आणणाऱ्याला त्यावर मालकी हक्क मिळतो काय, मिळत असल्यास कोणत्या अटींवर आणि तो हक्क दुसऱ्यापाशी असेल तर आपल्या लहानशा कारखान्याने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय कायद्याचा असला तरी त्याचे मूळ पदार्थाच्या स्वभावात आहे. म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य.

या दोन जिल्ह्यांच्या मालाचा विचार केला तर वेष्टनाच्या जवळजवळ सर्व अडचणी येथेच पाहावयास मिळतात. सांगलीच्या भडंगाला हवेतील ओलावा लागला की तो काही तासांत मऊ पडतो. शिवाय त्यातील तेल प्राणवायूमुळे खवट होते. म्हणजे भडंगाच्या पुडीने ओल आणि हवा या दोहोंना अडविले पाहिजे. हळदीच्या पुडीचे दुखणे निराळे. तिचा वास उडून जातो आणि पिवळा रंग उजेडाने फिका पडतो. तासगावचा बेदाणा उष्णता व प्राणवायू यांमुळे काळपट होत जातो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला बुरशीची भीती. आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीची तऱ्हा तर सर्वांच्या उलट आहे. तोडलेले फळ श्वासोच्छ्वास करीतच असते. त्याला हवाबंद फिल्ममध्ये कोंडले तर आत प्राणवायूचा अभाव होऊन फळाला आंबूस वास येतो. तेथे फिल्मने थोडा वारा जाऊ दिला पाहिजे, आणि तोही मोजून-मापून. एका पदार्थाला जे वरदान तेच दुसऱ्याला शाप. दुधाच्या पिशवीला मात्र यांतले फारसे काही लागत नाही. दूध एकदोन दिवसांत संपावयाचे असते, त्यामुळे पॉलिथिलिनच्या कुळातील साधी फिल्म तिला पुरते.

एकच प्लॅस्टिक ही सर्व कामे करू शकत नाही, ही या व्यवसायातील मूळ अडचण आहे. पॉलिथिलिन ओल उत्तम अडविते, उष्णतेने सहज चिकटते आणि स्वस्तही आहे. परंतु प्राणवायूला ते चाळणीसारखे आहे. नायलॉन बळकट असते व प्राणवायूला बऱ्यापैकी अडविते. मात्र ते सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळत असल्याने साध्या सीलिंग यंत्रावर त्याचा सांधा बसत नाही. इथिलिन-व्हिनाइल अल्कोहोल नावाचे एक प्लॅस्टिक आहे. जपानच्या कुरारे कंपनीने ते १९७२ साली बाजारात आणले. प्राणवायू अडविण्यात त्याची बरोबरी करणारी पारदर्शक प्लॅस्टिके फार थोडी. पण त्याला पाणी लागले की त्याचा हा गुण ओसरतो. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी पॉलिथिलिनच्या मध्ये झाकून ठेवावे लागते. येथे आणखी एक पेच पडतो. पॉलिथिलिन या दोघांनाही, म्हणजे नायलॉनला आणि इथिलिन-व्हिनाइल अल्कोहोलला, धरून राहत नाही. दोन अबोला धरलेल्या भाऊबंदांमध्ये मध्यस्थ बसवावा त्याप्रमाणे त्यांच्यामध्ये चिकट पदर घालावा लागतो. बाहेरचा पदर उष्णता सोसणारा आणि छपाई धरणारा, मधला हवा अडविणारा, त्यांच्या दोन्ही अंगांना चिकट पदर आणि सर्वांत आत सुमारे १०५ ते १२५ अंशांच्या दरम्यान वितळून सील होणारा पदर, अशी ही घडण आहे. बाहेरचा पदर वितळत नाही आणि आतला वितळतो, म्हणूनच यंत्राचा तापलेला जबडा पाऊचला चिकटून न बसता सील घेऊ शकतो.

बाहेरच्या पदरासाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मचा विषय निघाला की या भागाला अभिमान वाटावा असे एक नाव घ्यावे लागते. हा उद्योग महाराष्ट्रात रुजविणारे आबासाहेब गरवारे यांचा जन्म १९०३ सालचा, तासगावचा. त्या वेळी तासगाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. गरवाऱ्यांचे पॉलिएस्टर फिल्मचे कारखाने मात्र औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास उभे राहिले. तासगावला बेदाणा राहिला, फिल्म दूर गेली!

आता कायद्याकडे वळू. पेटंटला शासकीय मराठीत एकस्व म्हणतात. नवा शोध लावणाऱ्याने आपले गुपित संपूर्णपणे जगापुढे मांडावे आणि त्या बदल्यात राज्यसंस्थेने त्याला ठरावीक मुदतीपर्यंत इतरांना मज्जाव करण्याचा हक्क द्यावा, असा हा सौदा आहे. भारतात १९११ च्या कायद्याखाली ही मुदत १६ वर्षांची होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा कायदा झाला आणि तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्यात अन्न, औषधे आणि रासायनिक प्रक्रियेने तयार होणारे पदार्थ यांच्या बाबतीत केवळ कृतीवर पेटंट मिळे, पदार्थावर नव्हे. जागतिक व्यापार संघटनेतील करारानंतर कायद्यात १९९९, २००२ आणि २००५ साली दुरुस्त्या झाल्या. १ जानेवारी २००५ पासून वस्तूवरही पेटंट मिळू लागले आणि मुदत आता सर्वांना सारखीच, अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे आहे. तेव्हा फिल्म ही वस्तू म्हणून, तिच्या निर्मितीची पद्धत म्हणून किंवा दोन्ही प्रकारे पेटंटला पात्र ठरू शकते. प्लॅस्टिकची फिल्म म्हणून तिला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी येते ती कसोट्यांच्या वेळी.

कसोट्या तीन आहेत. शोध नवा असावा, त्यात कल्पकतेचे पाऊल असावे आणि तो उद्योगात वापरता यावा. तिसरीबद्दल बोलण्याचे कारण नाही. फिल्म कारखान्यातच होते. पहिल्या दोन कसोट्यांत मात्र बहुसंख्य अर्ज अडकतात.

नवेपणाच्या बाबतीत आपल्याकडील उद्योजकाचे नुकसान बहुधा त्याच्याच हाताने होते. एखाद्या उद्योजकाने कुपवाडच्या किंवा तासवड्याच्या औद्योगिक वसाहतीत वर्षभर खटपट करून एक फिल्म तयार केली, असे समजू. कौतुकाने तो ती कृषी प्रदर्शनात मांडतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला पदरांची रचना समजावून सांगतो, वार्ताहराला मुलाखत देतो, दोनचार गिऱ्हाइकांना मालही विकतो. सहा महिन्यांनी कोणीतरी सुचविते की याचे पेटंट घ्यावे. तोवर वेळ निघून गेलेली असते. अर्जाच्या दिनांकापूर्वी जी गोष्ट जाहीर झाली किंवा उघडपणे वापरात आली ती कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही, मग ती जाहीर करणारा स्वतः संशोधक का असेना. कायद्याच्या ३१ व्या कलमात प्रदर्शनांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे हे खरे. परंतु ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. तालुक्याच्या ठिकाणी मंडप घालून भरणाऱ्या प्रत्येक प्रदर्शनाला ती लागू होते असा समज करून घेणे धोक्याचे ठरेल. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला तेवढ्याच मुदतीची सवलत आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवलेला विद्यार्थ्याचा प्रकल्प अहवाल मात्र कोणालाही पाहता येत असेल तर तो प्रसिद्धच झाला. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांच्या साह्याने प्रयोग करणाऱ्यांनी ही गोष्ट आरंभीच प्राध्यापकांशी बोलून ठेवावी. आधी अर्ज, मग प्रदर्शन, असा क्रम आहे. तो उलटा केल्यास पैसा परत मिळविता येईल, दिनांक परत मिळत नाही.

कल्पकतेच्या पावलाची कसोटी याहून बिकट आहे. कायदा विचारतो, की या विद्येतील जाणत्या माणसाला ही गोष्ट उघड सुचण्यासारखी होती काय? जाणता माणूस म्हणजे थोर शास्त्रज्ञ नव्हे. फिल्मचा कारखाना चालविणारा, चालू वाङ्‌मय वाचणारा अनुभवी तंत्रज्ञ, असा त्याचा अर्थ. आता पाहा, पॉलिथिलिन सील होते, नायलॉन हवा अडविते आणि दोहोंमध्ये चिकट पदर लागतो, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. हे तिन्ही एकावर एक ठेवून ‘माझा शोध’ म्हणणाऱ्याला पेटंट अधिकारी पहिल्याच तपासणीत परत पाठवील, आणि ते योग्यच होईल.

या मुद्द्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय पायाभूत मानला जातो. १३ डिसेंबर १९७८ रोजी निकाल लागलेल्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्याचा विषय प्लॅस्टिक नव्हता, भांडी होती. लेथवर भांडे कातताना ते पक्के धरून ठेवण्याची एक युक्ती पेटंट झालेली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयातील एका न्यायाधीशांनी ते पेटंट रद्द केले, खंडपीठाने तो निकाल फिरविला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट रद्द ठरविले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की कारखान्यातल्या कोणाही कुशल कारागिराने सहज केली असती एवढी सुधारणा म्हणजे शोध नव्हे. जुन्याच घटकांची जुळणी केली म्हणून ती आपोआप अपात्र ठरते असे नाही; पण ते घटक एकमेकांशी असे काम करू लागले पाहिजेत, की त्यांतून नवी कृती किंवा सुधारलेला परिणाम निष्पन्न व्हावा. नुसते शेजारी शेजारी मांडणे पुरेसे नाही.

भांड्यांबद्दल दिलेला हा निर्णय पदरांना अक्षरशः लागू पडतो. सात पदरांच्या फिल्ममध्ये प्रत्येक पदर आपापले ठरलेले काम करीत असेल, तर ती सात जणांची पंगत झाली. प्रत्येकजण आपल्या पानावर जेवतो आहे. एका पदरामुळे दुसऱ्याच्या वागण्यात असा फरक पडला, की जो जाणत्याने अपेक्षिला नव्हता, तरच कल्पकतेचा प्रश्न उभा राहतो. कायद्याच्या ३ ऱ्या कलमातही हेच सूत्र आहे. त्याच्या ‘ई’ पोटकलमाप्रमाणे घटकांच्या गुणांची केवळ बेरीज करणारे मिश्रण शोध ठरत नाही आणि ‘एफ’ पोटकलमाप्रमाणे आपापल्या परीने स्वतंत्रपणे चालणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणीही शोध ठरत नाही. फिल्मच्या अर्जांवर आक्षेप घेताना या दोन्हींचा आधार घेतला जाण्याचा संभव असतो. त्याच कलमातील ‘डी’ पोटकलमाप्रमाणे ज्ञात पदार्थाचा नुसता नवा उपयोग हाही शोध नव्हे. काजूसाठी वापरात असलेली फिल्म बेदाण्यासाठी वापरली, एवढ्याने काम भागत नाही.

मग पेटंटला पात्र अशी फिल्म कशी असेल? हळदपुडीचेच उदाहरण घेऊ. पाऊच भरताना पुडीची धूळ नेमकी सील होण्याच्या जागी बसते. जबडा मिटतो, सील वरवर पक्के दिसते आणि आत धुळीच्या कणांभोवती सूक्ष्म वाटा राहून जातात. यावर उपाय म्हणून धूळ पोटात घेऊन सील होणारी काही प्लॅस्टिके उपलब्ध आहेत आणि ती जगभर वापरात आहेत. तेव्हा आतल्या पदरासाठी त्यांतील एक निवडणे यात कल्पकता नाही. परंतु कोणी प्रयोगाअंती असे दाखवून दिले, की आतला पदर दोन उपपदरांत विशिष्ट प्रमाणात विभागल्यास सील कमी तापमानाला बसते, धूळ असूनही गळत नाही, आणि मधल्या पदराची हवा अडविण्याची शक्ती तसूभरही कमी होत नाही, व जाणकारांना या दोन गोष्टी एकत्र साध्य होतील असे वाटत नव्हते, तर तेथे पेटंटची वाट मोकळी होते. अट एकच, आकडे हवेत. नेहमीची फिल्म आणि नवी फिल्म एकाच यंत्रावर, एकाच तापमानाला, एकाच दाबाखाली सील करून त्यांच्या सांध्याचे बळ मोजलेले असावे. किती पाऊच गळले याची नोंद असावी. मोजणीची पद्धत लिहिलेली असावी. ‘उत्कृष्ट परिणाम दिसून आला’ या शब्दांना पेटंट कार्यालयात काडीचीही किंमत नाही. प्रयोगाची वही दिनांकासह ठेवण्याची सवय आपल्या लघुउद्योगांत अजून पुरेशी रुजलेली नाही, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

अर्जातील दावे लिहिणे ही तर एक कलाच आहे. शेताची हद्द सांगताना चतुःसीमा लिहितात, तसे दावे हे शोधाची हद्द सांगतात. हद्द फार पसरट लिहिली, उदाहरणार्थ ‘१ ते १०० मायक्रॉन जाडीचा कोणताही पदर’, तर जगात कोठेतरी त्या हद्दीत बसणारी जुनी फिल्म सापडते आणि दावा कोसळतो. हद्द फार आवळली, ‘नेमका ३० मायक्रॉन’, तर शेजारचा कारखानदार ३१ मायक्रॉनचा पदर काढून मोकळा होतो. जुन्या कागदपत्रांचा शोध घेतल्याशिवाय ही हद्द आखू नये.

जुने ज्ञान किती जुने असू शकते याचे ठळक उदाहरण हळदीनेच घालून दिले आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला निबंध पुराव्यादाखल सादर झाला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीच्या हातची हळद कागदावर होती म्हणून ती वाचली. भारतीय कायद्यात आता ३ ऱ्या कलमाच्या ‘पी’ पोटकलमाने पारंपरिक ज्ञानाला पेटंटमधून वगळले आहे. उद्या कोणी हरिपूरच्या पेवाचेच तत्त्व जसेच्या तसे उचलून अर्ज केला तर हे पोटकलम त्याच्या आड येईल.

येथपर्यंत शोध लावणाऱ्याचा विचार झाला. पण या सभागृहातील बहुतेकांचा संबंध दुसऱ्या बाजूने येणार आहे. फिल्मचा पुरवठादार सांगतो, ‘ही आमची पेटंट फिल्म आहे, म्हणून दर जास्त.’ किंवा एखाद्या दिवशी वकिलाचे पत्र येते, की अमुक प्रकारचे पाऊच वापरणे थांबवा. अशा वेळी लहान कारखानदार घाबरून जातो आणि यंत्र बंद ठेवतो. घाबरण्यापूर्वी काही गोष्टी तपासून पाहाव्यात.

अर्जाचा क्रमांक म्हणजे पेटंट नव्हे. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. प्रसिद्धीच्या दिनांकापासून अर्जदाराचे काही हक्क सुरू होत असले तरी पेटंट प्रत्यक्ष मंजूर होईपर्यंत त्याला उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. दुसरे असे, की पेटंट त्या-त्या देशापुरतेच असते. अमेरिकेत किंवा जपानमध्ये मिळालेले पेटंट भारतात घेतलेले नसेल, तर ते ज्ञान भारतात वापरण्यास मोकळे आहे. आणि मुदत संपलेली किंवा नूतनीकरणाचे शुल्क न भरल्यामुळे निकामी झालेली पेटंटे ही तर सार्वजनिक विहीरच होय. कोणीही पोहरा सोडावा. बहुपदरी फिल्मची मूलभूत तंत्रे गेल्या शतकातील असून त्यांवरील पेटंटे केव्हाच संपली आहेत. हे सर्व भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या, विनामूल्य पाहता येते. अर्ज क्रमांक टाकला की त्याची सद्यःस्थिती दिसते. पुरवठादाराला हा क्रमांक विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नये. नसलेले पेटंट असल्याचे सांगून माल विकणे १२० व्या कलमाखाली शास्तीस पात्र आहे आणि बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध १०६ व्या कलमाखाली न्यायालयात दाद मागता येते. केवळ ‘आमचे पेटंट आहे’ एवढी माहिती कळविणे ही मात्र धमकी ठरत नाही, हेही ध्यानात असावे.

अयोग्य पेटंट मंजूरच होऊ नये यासाठीही कायद्याने दार उघडे ठेवले आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर तो मंजूर होईपर्यंत कोणतीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते; मंजुरीच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्तीला विरोध करता येतो. ‘ही फिल्म आम्ही पाच वर्षांपूर्वीपासून वापरतो’ हे दाखविणारी बिले, नमुने आणि पत्रव्यवहार जपून ठेवलेला असेल तर अशा विरोधाला धार येते. बेदाण्याच्या आणि हळदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनांनी हे काम एकत्रितपणे अंगावर घेणे सोयीचे होईल. एकट्या कारखानदाराला त्याचा खर्च झेपत नाही.

स्वतः अर्ज करू इच्छिणाऱ्यांसाठी कार्यपद्धती फारशी अवघड नाही. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. प्रयोग पूर्ण झाले नसतील तर आधी तात्पुरते विवरणपत्र दाखल करून दिनांक राखता येतो. त्यानंतर १२ महिन्यांत संपूर्ण विवरणपत्र द्यावे लागते. व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आणि तपासणीचे ४००० रुपये आहे. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. ती राहून गेली तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते. २०२४ च्या नियमांनी या मागणीची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली आहे. लघुउद्योगांना, तसेच अर्जदारांत एखादी महिला असल्यास, जलद तपासणीची मागणी करता येते. पापड, मसाले, लोणची यांच्या व्यवसायातील भगिनींनी या तरतुदीकडे अवश्य लक्ष द्यावे. खरा खर्च शुल्काचा नसतो, तो विवरणपत्र लिहिणाऱ्या जाणकाराचा असतो. पाऊचचा केवळ आकार किंवा नक्षी नवी असेल तर पेटंटऐवजी डिझाइनची नोंदणी पुरते; ती १० वर्षांसाठी मिळते आणि पुढे ५ वर्षे वाढविता येते. सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना मिळालेली भौगोलिक मानांकने ही आणखी वेगळी गोष्ट. ती मालाच्या मुलखाची ओळख जपतात, वेष्टनाशी त्यांचा संबंध नाही.

पुढील काळात या क्षेत्रातील नव्या शोधांना वाव कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे. जे पदर एकमेकांना सोडत नाहीत म्हणून पाऊच टिकतो, तेच पदर पाऊच रिकामा झाल्यावर वेगळे होत नाहीत, आणि भंगारवाला त्याला हात लावीत नाही. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी बहुपदरी वेष्टनांवर बंधने आणली. २०२२ पासून उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीत त्यांचा स्वतंत्र वर्ग करण्यात आला आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्यांसाठी ५० मायक्रॉनहून अधिक जाडीची आणि रिकामी पिशवी ५० पैशांना परत घेण्याची अट घातली होती. दुधाची पिशवी एकाच कुळातील प्लॅस्टिकची असल्याने ती वितळवून पुन्हा वापरता येते, हे तिचे बलस्थान. म्हणूनच सारे पदर पॉलिथिलिनच्याच कुळातील ठेवून त्यांच्याकडून नायलॉनचे आणि पॉलिएस्टरचे काम करून घेण्याचे प्रयत्न आता जगभर चालू आहेत. त्यात अडचण अशी, की बाहेरचा आणि आतला पदर एकाच कुळातील झाला की दोघांच्या वितळण्याच्या तापमानांतील अंतर थोडेच उरते; जबडा जरा अधिक तापला तर बाहेरचा पदरही त्याला चिकटतो. फिल्म ताणून बाहेरच्या पदराची उष्णता सोसण्याची शक्ती वाढविणे आणि आतल्या पदराचे सील होण्याचे तापमान खाली आणणे, अशा दोन्ही बाजूंनी हे अंतर रुंदावण्याचा खटाटोप सुरू आहे. भडंगाच्या दहा रुपयांच्या पुडीसाठी, आपल्याकडील साध्या सीलिंग यंत्रावर, पावसाळ्यातल्या दमट हवेत टिकेल अशा फिल्ममध्ये हे अंतर कोणी साधले आणि मोजून दाखविले, तर त्याने प्रदर्शनाचा गाळा नोंदविण्यापूर्वी मुंबईच्या कार्यालयात तात्पुरते विवरणपत्र दाखल करावे.